मतदानाच्या हक्काच्या इतिहासावरचे कार्यक्रम: मुलांना न्यावं का? आणि मंडळात असं काही जमेल का?

अबोली_जर्सी

नमस्कार मंडळी, धागा कुठल्या विभागात काढायचा ते कळेना म्हणून इथेच टाकतेय, चुकलं असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

तर झालं असं की दोन वर्षांपूर्वी माझं अमेरिकन सिटिझनशिपचं झालं. तेव्हा ते शंभर प्रश्न पाठ केले होते, भाजी चिरताना, गाडीत, सगळीकडे तेच (शंभरातले दहा विचारायचे, सहा बरोबर आले की पास). त्यात एक प्रश्न होता की कोण मत देऊ शकतं याबद्दल घटनेत चार दुरुस्त्या आहेत, त्यातली एक सांगा. मला नेमका तोच आला. मी म्हटलं अठरा वर्षांवरचे नागरिक, ऑफिसर बाई म्हणाल्या गुड, पुढचा प्रश्न. एका विषयाला चार चार दुरुस्त्या का लागल्या असतील, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. पास व्हायचं होतं ना.

गेल्या महिन्यात लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेले तर दारावर कागद लावलेला, अमेरिकेतला मतदानाचा हक्क यावर चार मंगळवार वाचन आणि चर्चा, फुकट, कॉफी आहे. कॉफीला भुलून गेले असं समजा. अकरा माणसं, मी सोडून सगळी साठीच्या पुढची. वाटलं आता प्रोफेसर बाई स्लाइड्स लावणार आणि मी पेंगणार. पण त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक झेरॉक्स ठेवली. १८०१ सालची, इथल्या न्यू जर्सीतल्या माँटगोमेरी टाउनशिपच्या निवडणुकीत मत दिलेल्या लोकांची यादी. हो, तीच माँटगोमेरी जिथे आपली निम्मी ओळखीपाळखीची जनता राहते. म्हणाल्या पाच मिनिटं काही बोलू नका, नुसती नावं वाचा. जुनं वळणदार अक्षर, मला निम्मं लागतच नव्हतं, आणि मग शेजारच्या आजोबांनी एका ओळीवर बोट ठेवलं, अहो हे बाईचं नाव आहे. मग दुसरं सापडलं, तिसरं सापडलं, सगळे कागद डोळ्याजवळ घेऊन बायका शोधायला लागले.

१८०१ मध्ये! मी तर बायकांना मत १९२० ला मिळालं असं पाठ केलं होतं. तर न्यू जर्सीच्या १७७६ च्या घटनेत 'सगळे रहिवासी' असं लिहिलेलं, पन्नास पौंडांची मालमत्ता असली की झालं, बाई की पुरुष, गोरा की काळा असलं काही नव्हतंच त्यात. (लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ता नसायचीच, म्हणून मत द्यायच्या त्या बहुतेक विधवा नाहीतर बिनलग्नाच्या.) आणि १८०७ मध्ये सरळ कायदा करून काढून घेतलं, फक्त कर भरणारे गोरे पुरुष. म्हणजे दिलेलं परत घेतलं, आणि मग ११३ वर्षं काही नाही. माझ्या डोक्यात आपलं एकेक पायरी वर चढत गेले असं चित्र होतं.

आता प्रश्न. एक, लेक बारा वर्षांची आहे, तिला पुढच्या मंगळवारी नेऊ का, की कंटाळेल? दोन, आमच्या मंडळाच्या मराठी शाळेत मुलांसाठी दोन तासांचं काहीतरी करावं असं मनात आलंय, पण भाषण नको, कुणी असं केलंय का? तीन, नवरा म्हणतो आपण आलो २००४ मध्ये, आपल्या खापरपणजोबांचा काय संबंध यांच्या इतिहासाशी, त्यापेक्षा मुलांना गणित शिकव. ह्याला काय उत्तर देऊ?

खडूफळा

न्या न्या, नक्की न्या. मी मिडल स्कूलला सोशल स्टडीज शिकवते, बारा हे वय ह्या विषयाला एकदम बेस्ट, कारण 'हे अनफेअर आहे' हे वाक्य त्यांच्या तोंडात दिवसाला चाळीस वेळा असतंच, नुसतं त्याला खाद्य पुरवायचं.

तुमच्या प्रोफेसर बाईंनी केलं तेच मंडळात करा, हातात कागद द्या. मी लुइझियानाची १९६४ ची लिटरसी टेस्ट वापरते, मतदार म्हणून नोंद करून घ्यायच्या आधी घ्यायचे ती. ३० प्रश्न, १० मिनिटं, आणि वर स्वच्छ लिहिलेलं की एक उत्तर चुकलं की नापास. पहिला प्रश्न साधारण असा, 'या वाक्याच्या आकड्याभोवती किंवा अक्षराभोवती रेघ काढा'. आता बसा! अर्धी पोरं १ ला गोल करतात, काही जण पूर्णविरामासकट गोल करतात, एक जण दरवर्षी विचारतो मिस आकड्याभोवती की अक्षराभोवती, आणि एक जण सगळ्या वाक्याभोवती चौकोन काढून मोकळा होतो. मग मी फिरत फिरत सगळ्यांचे पेपर बघते आणि म्हणते नापास, नापास, नापास. का? मी म्हणते म्हणून. वर्ग पेटतो अगदी. आणि मग त्यांना कळतं की प्रश्न अवघड होता हा मुद्दाच नाही, तपासणारा कोण होता हा मुद्दा आहे. तिथे बसलेला नोंदणी अधिकारी, म्हणजे रजिस्ट्रार, ठरवणार, त्याच्यावर कोणी नाही.

पण एक काळजी घ्या, हीच परीक्षा सगळ्या दक्षिणेत होती असं मुलांना सांगू नका. ही लुइझियानाच्या काही भागांत थोडाच काळ चालली, आणि पाचवीपर्यंत शिकल्याचा पुरावा नसलेल्यांना द्यायचे. बाकी ठिकाणी राज्यघटनेतला एक उतारा लिहून काढा आणि त्याचा अर्थ सांगा असा प्रकार जास्त. इंटरनेटवर हा कागद भलत्या मथळ्यांखाली फिरतो आणि मग कोणीतरी आगाऊ पालक उठून चूक काढतो, ते टळेल.

आणि बरणीतल्या जेली बीन्स मोजण्याचा खेळ (बरणीत किती गोळ्या ते सांग, मग नोंदणी, असंही करायचे म्हणतात) कृपया करू नका. मी एका वर्षी केला. पोरांना वाटलं जो जवळ जाईल त्याला बरणी मिळणार. सगळं मुसळ केरात.

परीक्षेनंतर फळ्यावर फक्त दोन आकडे लिहा. लुइझियानात रजिस्टर झालेले कृष्णवर्णीय मतदार, १८९६ मध्ये १,३०,३३४. आठ वर्षांनी, १९०४ मध्ये १,३४२. आणि विचारा की कुठे गेली माणसं? पोरं सांगतात साथ आली असेल, युद्ध झालं असेल, दुसऱ्या राज्यात गेले असतील. कुठेही गेली नव्हती, तिथेच होती, शेतं कसत होती. मधे मतदाराला शिक्षणाच्या नाहीतर मालमत्तेच्या अटी घालणारी १८९८ ची नवी राज्यघटना आली होती एवढंच.

सडेतोड_सदू

घ्या, आता मंडळात पण हेच. गणपतीत नाच, दिवाळीत फराळ आणि उरलेल्या शनिवारी अमेरिकेची पापं.

हे असले कार्यक्रम मी बघितलेत, आमच्या गावात एक झाला. आधीच ठरलेलं असतं कोण चांगला कोण वाईट, एक जण बोलतो, बाकीचे माना डोलावतात, शेवटी सगळ्यांना आपण किती भले याचं समाधान आणि कुकीज. बरं पैसे करदात्यांचे. १९६५ ला मतदानाच्या हक्काचा कायदा झाला, विषय संपला, साठ वर्षं झाली की राव. मुलांना कसं मत द्यायचं, उमेदवाराचं कसं वाचायचं हे शिकवा ना. आणि ती टेस्ट म्हणजे गिमिक आहे, चाळीस पोरांना चिडवून काय इतिहास कळतो? कळतं एवढंच की मिस खडूस आहेत.

अबोलीताई, तुमचे मिस्टर बरोबर बोलतायत.

रमतगमत

सदूभाऊंचं माना डोलावण्याचं अगदी खोटं नाही, मीही तसल्या एका चर्चेत बसून घड्याळ बघितलंय. पण म्हणून जागेवर जाऊन बघा असं सुचवेन.

आम्ही अटलांटाहून अलाबामातल्या सेल्माला गेलो होतो, सोबत माझे सासरे, ते आले होते इकडे सहा महिन्यांसाठी. एडमंड पेटस ब्रिज फोटोत सपाट वाटतो पण तो मधे चांगलाच उंच उचललेला आहे, गावाच्या बाजूने चढायला लागलं की पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही, नुसतं आभाळ. ७ मार्च १९६५ ला चळवळीतला जॉन लुइस आणि पाच-सहाशे लोक मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा घेऊन दोन दोनच्या रांगेत चढले तेव्हा माथ्यावर पोचेपर्यंत खाली पोलिसांची भिंत उभी आहे हे दिसलंच नसणार. सासरे माथ्यावर थांबले. म्हणाले इथून परत फिरता आलं असतं की रे त्यांना. एवढंच बोलले आणि पुढे चालायला लागले.

तिथे कळलं की त्या डॅलस काउंटीत मतदार नोंदणीचं ऑफिस महिन्यातून दोनच सोमवार उघडायचं. म्हणजे कायद्याने बंदी कुठेच नाही बरं का, ऑफिस उघडं नाही एवढंच. आणि नोंदणीला जायचं तर आधी नोंद झालेल्या कोणीतरी तुमच्यासाठी शब्द द्यायचा. शेजारच्या लाउंड्स काउंटीत पाचात चार माणसं कृष्णवर्णीय, आणि ६५ च्या सुरुवातीला त्यांच्यातला नोंद झालेला मतदार शून्य. मग शब्द देणार कोण? हायवे ८० वर नॅशनल पार्कवाल्यांचं सेंटर आहे, तिथेच ती टेंट सिटी होती, नोंदणी केली म्हणून जमीनमालकांनी घराबाहेर काढलेली कुटुंबं तंबूंत राहायची. हे ६५ च्या डिसेंबरातलं, म्हणजे सदूभाऊंचा विषय संपल्यानंतरचं.

पुस्तकी_किडा

दोन तीन गोष्टी एकत्रच लिहितो, लांबेल, सांभाळून घ्या.

पैशांचं आधी. सदूभाऊ, नॅशनल एंडोमेंट फॉर द ह्युमॅनिटीज नावाची सरकारी संस्था आहे, इतिहास, साहित्य असल्या विषयांना पैसे देणारी, तिचा कायदा २९ सप्टेंबर १९६५ चा, सही तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची. व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टवर, म्हणजे तुमच्या त्या ६५ च्या कायद्यावर, त्यांचीच सही, ६ ऑगस्ट १९६५. दोन महिन्यांचंही अंतर नाही. तिच्या पैशावर प्रत्येक राज्यात एक ह्युमॅनिटीज कौन्सिल चालतं, डीसी आणि बेटंबिटं धरून ५६. लायब्ररीतले हे मंगळवार बऱ्याच वेळा त्यांच्याकडून असतात, वक्त्याचं मानधन कौन्सिल देतं, लायब्ररी खोली आणि कॉफी देते. काही ठिकाणी त्यांचे अभ्यासक पोशाख करून ऐतिहासिक व्यक्ती बनून येतात, आधी भूमिकेत राहून प्रश्नांना उत्तरं देतात, मग टोपी काढून अभ्यासक म्हणून परत उत्तरं देतात, मुलांना हा प्रकार फार आवडतो. स्मिथसोनियनचं 'व्हॉइसेस अँड व्होट्स' नावाचं फिरतं प्रदर्शनही छोट्या छोट्या गावांत ह्यांच्यातर्फेच जातं. आणि करदात्यांच्या पैशांची काळजी असेल तर ती बरीचशी मिटलीय, २०२५ च्या एप्रिलमध्ये कौन्सिलांची ग्रँट्स एका फटक्यात रद्द झाली, मग मेलन फाउंडेशनने दीड कोटी डॉलर दिले तात्पुरते, पण पुष्कळ कार्यक्रम बंद पडले. त्यामुळे तुमच्या लायब्ररीत चालू असेल तर जाऊन खुर्ची अडवा.

आता मिस्टरांचा प्रश्न, खापरपणजोबांचा. त्यांना भगतसिंग थिंडची केस वाचायला द्या. पंजाबातून आलेला, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता, नागरिकत्व मागितलं. तेव्हा नागरिक व्हायला गोरा नाहीतर आफ्रिकन वंशाचा असावं लागायचं. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तू बसत नाहीस. आणि मग आधी ज्या भारतीयांना नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला लागले. नागरिकत्व नाही म्हणजे मत नाही, कॅलिफोर्नियात जमीनही नाही. १९४६ च्या कायद्याने दार किलकिलं झालं, वर्षाला १०० भारतीयांना यायची परवानगी, पण इथे असलेल्यांना नागरिक होता आलं.

मग दलीपसिंग सौंद. १९२० मध्ये बर्कलीला आला, गणितात पीएचडी केली (मिस्टरांना हे आवर्जून सांगा), आणि गणिताचा डॉक्टर असून इंपीरियल व्हॅलीत शेती करत बसला. १९४९ मध्ये नागरिक झाला, ५० मध्ये गावच्या न्यायाधीशपदाची निवडणूक जिंकला, तर म्हणे नागरिक होऊन वर्ष झालं नव्हतं, पद नाही. परत उभा राहिला, परत जिंकला. ५६ मध्ये थेट काँग्रेसमध्ये, समोर जॅकलिन कॉक्रन, त्या काळातली अख्ख्या देशाला माहीत असलेली वैमानिक. आशियातून आलेला पहिला काँग्रेसमन. फिलाडेल्फियाच्या साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्हच्या साइटवर ह्या सगळ्या काळाची कागदपत्रं फुकट बघायला मिळतात, मुलांना हातात द्यायला उत्तम.

एक मात्र लपवू नका. थिंडच्या बाजूने कोर्टात काय सांगितलं गेलं? की हा उच्च जातीचा हिंदू आहे, आर्य आहे, म्हणून गोऱ्यांत धरा. वर्णभेद चुकीचा आहे असा दावा नव्हता तो, मला त्या वरच्या ओळीत घ्या असा होता. मुलांना आपल्या माणसाची गोष्ट सांगताना हा भाग गिळून टाकायचा मोह होतो. आणि तिकडे जोतिबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केलं म्हणून, वर्णावरून मत नाकारायचं नाही असं सांगणारी पंधरावी दुरुस्ती होऊन तीनच वर्षं झाली होती. अमेरिकेतल्या मतदानाच्या गोष्टीत आपलं नाव ह्या दोन्ही बाजूंनी येतं. एका टेबलावर दोन्ही कागद ठेवा आणि पोरं काय म्हणतात ते ऐका.

चकलीचा_साचा

+१ पुस्तकी. धागा बुकमार्क केलाय.

आम्ही रॉचेस्टरजवळ असतो. माउंट होप स्मशानभूमीत सुझन बी. अँथनीची कबर आहे, निवडणुकीच्या दिवशी लोक मत देऊन आले की 'आय व्होटेड'चा स्टिकर तिच्या दगडावर लावतात. २०१६ ला रांगा एवढ्या की विचारू नका. गोंद लागून दगड खराब व्हायला लागला म्हणून २०२० ला त्यावर चक्क प्लास्टिकचं कव्हर घातलं. १८७२ ला बाईने बेकायदा मत दिलं, १०० डॉलर दंड झाला, तो तिने शेवटपर्यंत भरला नाही. माझ्या मुलाने विचारलं मग व्याज किती झालं असेल. आहे का उत्तर?

खडूफळा

सदूभाऊ, मिस खडूस आहेत हे मान्य :) पण टेस्ट गिमिक होते ती तिथेच थांबलं तर. म्हणून मी लगेच फॅनी लू हेमरची साक्ष ऐकवते, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातली, २२ ऑगस्ट १९६४, अटलांटिक सिटी (अबोली, तुमच्याच राज्यात!), आठेक मिनिटांची. मिसिसिपीतली शेतमजूर बाई. १९६२ मध्ये अठरा जण बसने नोंदणीला गेले, परत येताना पोलिसांनी बस अडवली, गुन्हा काय तर बसचा रंग चुकीचा. सगळ्यांनी वर्गणी काढून दंड भरला. संध्याकाळी घरी पोचते तर मालक दारात, अर्ज मागे घे नाहीतर चालती हो. अठरा वर्षं राबली होती तिथे. ती बोलत असतानाच जॉन्सनने (हो, तोच सह्या करणारा जॉन्सन) घाईघाईत पत्रकार परिषद घेऊन टीव्हीचे कॅमेरे पळवले. आणि मग रात्री चॅनलवाल्यांनी तिचं रेकॉर्डिंगच दाखवलं. सांगा आता ह्यात कोण चांगला कोण वाईट ते. एकच माणूस ६४ ला तिचा आवाज दाबतो आणि ६५ ला कायद्यावर सही करतो. माझ्या वर्गात ह्यावर अर्धा तास भांडण होतं आणि मी मधे पडत नाही.

विषय संपला म्हणालात त्याबद्दल, कायद्याने मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ टक्क्यांवरून दोन वर्षांत जवळपास ६० वर गेली, एवढा तो चालला. त्यातली मुख्य पाचर ही की काही राज्यांनी मतदानाचे नियम बदलायच्या आधी वॉशिंग्टनची परवानगी घ्यायची. कोणती राज्यं ते ठरवणारं सूत्र २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने रद्द केलं. ते बरोबर की चूक यावर इथे काथ्याकूट नको, शंभर प्रतिसाद होतील आणि अ‍ॅडमिन धाग्याला कुलूप लावतील.

मत कसं द्यायचं ते शिकवा हे मात्र तुमचं पटलं. शेवटची वीस मिनिटं नमुना मतपत्रिका द्या मुलांना. काउंटीच्या साइटवर मिळते.

अबोली_जर्सी

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार, एकेकाला नंतर नीट उत्तर देते.

लेकीला नेलं मंगळवारी. कंटाळली नाही, उलट मला म्हणाली तू मधे मधे बोलू नकोस. काल खडूफळाताईंची परीक्षा घरी प्रिंट काढली आणि नवऱ्यासमोर ठेवली, लेक रजिस्ट्रार, हातात किचनमधला टायमर. साहेबांनी पहिल्या प्रश्नाला १ भोवती गोल केला. लेक म्हणाली नापास, रेघ काढा सांगितलं होतं, हा गोल आहे. तो म्हणे गोल म्हणजे वाकडी रेघच असते, भूमितीत बघ. ती म्हणाली अपील नाही, नेक्स्ट. तो खरंच चिडला हो! जेवताना परत तोच विषय, कागदावर व्याख्या लिहून दाखवत होता. झोपताना विचारतो, त्या गणितवाल्या सौंदचं काय म्हणत होतीस.

मंडळाने होकार दिलाय, पुढच्या महिन्यात दुसरा शनिवार, दुपारी तीन ते पाच. क्रम असा ठरवतेय: आधी १८०१ ची यादी, मग परीक्षा, मग हेमरबाईंचा आवाज, मग थिंड आणि जोतिबा एका टेबलावर, शेवटी नमुना मतपत्रिका. जास्त होतंय का दोन तासांत?

खडूफळा

होतंय. यादी किंवा परीक्षा, एकच ठेवा. मी यादी ठेवेन, गाव त्यांचं आहे.

सडेतोड_सदू

परीक्षा ठेवा. पोरांना नावं वाचून काही होत नाही, आत्ताच मिस्टरांचं वाचलंत ना.

मी एडिसनलाच असतो. माना डोलवायला येणार नाही, पण रजिस्ट्रार म्हणून बसवणार असाल तर येतो. खडूसपणात मी खडूफळाबाईंना हरवू शकतो.

अबोली_जर्सी

बसवते की! पावणेतीनला या, आणि एक्स्टेन्शन कॉर्ड असेल तर आणा, त्या हॉलमध्ये प्लग दाराजवळ एकच आहे.